परदेशची पोटगी

आपल्या घरांतून दोन गोष्टी मोठ्यानें बोलण्याची चाल नाहीं. एक मुलीच्या संसाराची वाताहत, आणि दुसरी पैशाची देवघेव. पहिली दुःखाची म्हणून झांकावयाची व दुसरी हलकी म्हणून टाळावयाची, असा आपला जुना रिवाज आहे. या दोन्ही गोष्टी जेव्हां एकाच कागदावर एकत्र येतात, म्हणजे विभक्त झालेल्या पतिपत्नींमधील पोटगीच्या करारावर येतात, तेव्हां घरांतील वडील माणसें तो कागद नीट वाचण्याऐवजीं दुसरीकडे तोंड फिरवितात. आम्हींही एकदां तसेंच केलें. त्या तोंड फिरविण्याची किंमत किती झाली, याचा हिशेब पुढें आमच्या हातीं आला. तोच आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आमची एक भाची लग्नानंतर पतीबरोबर अमेरिकेंत राहावयास गेली. दहाएक वर्षें संसार झाला, एक मुलगी झाली, आणि पुढें दोघांचें पटेनासें झालें. त्यांत कोणाचा दोष किती, हें ठरविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं व तें या लेखाचें प्रयोजनही नाहीं. २०२१ सालीं तेथील न्यायालयांत दोघांच्या संमतीनें घटस्फोटाचा हुकूमनामा झाला. भाचीनें मुलीला घेऊन माहेरीं परत येण्याचें ठरविलें असल्यानें कराराचा मसुदा आधीं पुण्यास आला होता. तिचे वडील, काका, थोरला भाऊ आणि आम्ही असे सर्वजण त्या मसुद्याभोंवतीं बसलों. ‘पत्नीच्या व मुलीच्या योगक्षेमासाठीं दरमहा एक हजार डॉलर,’ एवढेंच त्यांत पैशाविषयींचें वाक्य होतें. भाचीच्या काकांनीं हळूच विचारलें, “ही रक्कम एकदम घ्यावी कीं महिन्याच्या महिन्याला?” तेव्हां आम्हींच त्यांना थांबविलें. “पोरीच्या दुःखाचा बाजार मांडूं नये. जें मिळतें तें घ्यावें आणि मोकळें व्हावें,” असें आम्ही मोठ्या थाटानें बोलून गेलों. सर्वांनीं माना डोलावल्या. तें वाक्य त्या दिवशीं फार शोभून दिसलें.

भाची पुण्यास आली, एका महाविद्यालयांत शिकवूं लागली, तिची मुलगी शाळेंत जाऊं लागली. महिन्याच्या महिन्याला परदेशाहून रक्कम बँकेंत जमा होई. ही रक्कम प्राप्तिकराच्या विवरणपत्रांत दाखवावयाची असते, हें तिच्या मनांतही आलें नाहीं. कारण पूर्वीच्या पतीनें तेथील कर भरूनच ती पाठविलेली असे. पुढें एके दिवशीं प्राप्तिकर खात्याकडून विचारणा आली, कीं परदेशाहून नियमितपणें येणारी ही रक्कम कसली? भाची तो कागद घेऊन आमच्याकडे आली. “मामा, या पैशावर तिकडे कर भरला जातो ना? मग हा दुसरा कर कशाचा?” आम्हांस उत्तर देतां येईना. ज्यानें घरांतला प्रश्न विचारूं दिला नाहीं, त्यालाच आतां सरकारच्या प्रश्नाचें उत्तर शोधणें भाग पडलें. एका जाणत्या चार्टर्ड अकौंटंटांकडे आम्ही दोघें कित्येक संध्याकाळीं जाऊन बसलों. त्यांनीं कायदे आणि निवाडे उलगडून दाखविले, आणि त्यांतून जें समजलें तें येणेंप्रमाणें.

आपल्या प्राप्तिकराच्या कायद्यांत पोटगीवरील कराविषयीं स्वतंत्र कलम नाहीं. १९६१ च्या कायद्यांत तें नव्हतें, आणि १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा घेण्यासाठीं केलेल्या २०२५ च्या कायद्यांतही नाहीं. म्हणून न्यायालयांच्या निवाड्यांकडे पाहावें लागतें. प्रतापगढच्या राजकन्या महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानें दिलेला निवाडा १९८४ च्या निवाडासंग्रहांत प्रसिद्ध झाला आहे. त्यांत न्यायालयानें असा भेद केला कीं, घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानें पत्नीस मिळालेली एकरकमी पोटगी ही भांडवली स्वरूपाची, म्हणून तिच्यावर कर नाहीं. परंतु महिन्याच्या महिन्याला मिळणारी पोटगी हें उत्पन्न, म्हणून तें करास पात्र. झाड दिलें तर तें भांडवल आणि वर्षानुवर्षें फळें दिलीं तर तें उत्पन्न, अशी ही मूळ कल्पना आहे. काकांनीं त्या दिवशीं हळूच विचारलेला प्रश्न म्हणजे पैशाच्या हांवेचा प्रश्न नव्हता. कायद्याचा कांटा नेमका तेथेंच होता.

आतां देणाऱ्याच्या बाजूनें पाहूं. पत्नी जर पोटगीवर कर भरते, तर पतीला तेवढी वजावट मिळावी, असें कोणासही वाटेल. परंतु आपल्याकडे ती मिळत नाहीं. या विषयांत दोन निवाडे जोडीनें वाचण्यासारखे आहेत. १९३३ सालीं प्रिव्ही कौन्सिलपुढें बंगालमधील राजा विजयसिंग दुधुरिया यांचें प्रकरण आलें. त्यांच्या सावत्र आईनें अन्नवस्त्राचा दावा केला होता, आणि तडजोडीच्या हुकूमनाम्यानें तिच्या नेमणुकीचा बोजा राजांच्या मालमत्तेवर बसविला होता. ती रक्कम राजांच्या हातीं त्यांचें उत्पन्न म्हणून पोंचतच नाहीं, वाटेंतच दुसऱ्याची होते, म्हणून तिच्यावर राजांना कर नाहीं, असें प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें. याच्या उलट, मुंबईचे सीतलदास तीरथदास हे न्यायालयाच्या संमति-हुकूमनाम्याप्रमाणें पत्नीला व मुलांना पोटगी देत. परंतु ती कोणत्याही मालमत्तेवर बोजा म्हणून बसविलेली नव्हती. १९६० सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, येथें उत्पन्न आधीं पतीचें झालें आणि मग त्यानें तें आपल्या कर्तव्याच्या पूर्तीसाठीं खर्च केलें; सबब वजावट नाहीं. नदीचें पाणी उगमाशींच दुसऱ्या पाटानें वळविणें वेगळें, आणि घरांत आणलेल्या हंड्यांतून शेजाऱ्यास ओतून देणें वेगळें, एवढाच हा भेद होय. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या पंचविसाव्या कलमांत पोटगीचा बोजा स्थावर मालमत्तेवर ठेवतां येतो, हें पुष्कळांस ठाऊकही नसतें. त्याचा पहिला उपयोग पोटगी बुडूं नये हा आहे. कराच्या दृष्टीनें तो किती पडेल, हें मात्र प्रत्येक हुकूमनाम्याच्या शब्दरचनेवर अवलंबून राहतें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं कुटुंबें अविभक्त आहेत, किंवा निदान कराच्या कागदांत तरी अविभक्त आहेत. त्यांना एक गोष्ट परिचित असेल. अविभक्त हिंदु कुटुंबानें आपल्या उत्पन्नांतून सभासदास जी रक्कम दिली, तिच्यावर त्या सभासदानें पुन्हां कर भरावयाचा नसतो. एका चुलीवर शिजलेल्या अन्नावर एकदांच कर, हें तत्त्व कायद्यानें तेथें मानलें आहे. तसेंच पत्नी घरांत नांदत असतां पती तिच्यासाठीं जो खर्च करतो, त्यावरही तिला कोणी कर मागत नाहीं. पण तीच स्त्री वेगळी झाली, न्यायालयानें तिचा हक्क मान्य केला, आणि तोच तांदूळ, तेंच दूध, तीच मुलीची फी महिन्याच्या रकमेच्या रूपानें तिच्या हातीं आली, कीं तें सारें तिचें ‘उत्पन्न’ ठरतें. चूल दुभंगली कीं अन्नाची व्याख्या बदलते! यांत कायद्याचा दुष्टावा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या घरांतून मुली वेगळ्या होऊन परत येतात, त्या घरांनीं हें आधींच जाणलें पाहिजे.

अमेरिकेंत ही कथा आणखी वळणें घेऊन गेली आहे. १९१७ सालीं गूल्ड दांपत्याच्या प्रकरणांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें, पोटगी हें पत्नीचें करपात्र उत्पन्न नव्हे, असें ठरविलें. पुढें महायुद्धामुळें कराचे दर एवढे वाढले कीं, पोटगी आणि कर हीं दोन्ही देऊन कित्येक पतींच्या हातीं कांहींच उरेना; म्हणून १९४२ सालीं कायदा बदलला. पतीला वजावट व पत्नीला कर, अशी व्यवस्था झाली आणि ती पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ चालली. २०१७ च्या अखेरीस तेथें जो मोठा करसुधारणेचा कायदा झाला, त्यानें ही व्यवस्था पुन्हां उलटली. ३१ डिसेंबर २०१८ नंतर झालेल्या करारांत व हुकूमनाम्यांत पतीला वजावट नाहीं आणि पत्नीला कर नाहीं. तेथल्यापुरतें पाहिलें तर हिशेब सरळ आहे. देणाऱ्यानें एकदां कर भरला, घेणारीनें भरावयाचा नाहीं. दोघें एकाच देशांत राहत असतील तर तक्रारीला जागा नाहीं.

परंतु आमची भाची पुण्यास आली, आणि येथें घोटाळा झाला. अमेरिकेनें पतीच्या पगारावर पूर्ण कर घेतला, कारण तेथें पोटगीची वजावट राहिलेली नाहीं. हिंदुस्थानानें त्याच पैशावर भाचीकडून कर मागितला, कारण येथें महिन्याची पोटगी हें उत्पन्न आहे. दोन्ही देश आपापल्या कायद्याप्रमाणें बरोबर. आणि दोन बरोबर गोष्टींच्या मध्यें सांपडली ती एक स्त्री.

“दोन देशांमध्यें दुहेरी कर टाळण्याचा तह आहे ना?” असें आम्हीं मोठ्या आशेनें विचारलें. आहे. हिंदुस्थान व अमेरिका यांच्यामध्यें १९८९ सालीं असा तह झाला आणि त्याच्या विसाव्या कलमांत पोटगीचा नांवानिशीं उल्लेखही आहे. पण त्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. दुहेरी कर दोन प्रकारचा असतो. एकाच माणसाला एकाच उत्पन्नावर दोन देशांनीं कर लावला, तर तो पहिला प्रकार. त्यावर तहाचें औषध चालतें. पण एकच पैसा दोन माणसांच्या हातांतून जातांना दोनदां करला गेला, तर तो दुसरा प्रकार. त्यावर तें औषध सहसा चालत नाहीं. तह म्हणतो कीं, एका देशांत राहणाऱ्या व्यक्तीस मिळणारी पोटगी त्याच देशांत करपात्र असावी. त्याप्रमाणें भाचीच्या पोटगीवर कर घेण्याचा अधिकार हिंदुस्थानाचा. अमेरिकेनें तिच्याकडून कांहींच घेतलेलें नाहीं. जें घेतलें तें पतीकडून, पतीच्या पगारावर. म्हणून तिकडे भरलेल्या कराची सूट येथें मागावी, तर तो कर तिचा नव्हेच! तहाचें अक्षर पूर्णपणें पाळलें गेलें, आणि तरीही पैसा दोनदां कापला गेला.

हें आंकड्यांत पाहिल्याशिवाय मनांत ठसत नाहीं. हिशेबाच्या सोयीसाठीं डॉलर ८५ रुपयांचा धरूं. दरमहा १,००० डॉलर म्हणजे वर्षाचे १०,२०,००० रुपये. महाविद्यालयांतील पगार वर्षाला ९,००,००० रुपये आणि त्यांतून ठरीव वजावट ७५,००० रुपये धरली, तर उरले ८,२५,०००. १ एप्रिल २०२५ पासून सुरू झालेल्या वर्षाच्या नव्या कररचनेप्रमाणें, येथें राहणाऱ्या व्यक्तीचें उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे नुसत्या पगारावर भाचीला कांहींच कर नाहीं. पण पोटगी मिळवितांच उत्पन्न १८,४५,००० होतें, सूट जाते, आणि उपकरासह १,७५,७६० रुपये कर येतो. बारा महिन्यांच्या पोटगीपैकीं दोन महिन्यांची पोटगी, आणि वर कांहीं हजार, अशी ही रक्कम झाली. तिकडे पतीच्या उत्पन्नाच्या वरच्या थरावर २४ टक्के कर आहे असें धरलें, तर १२,००० डॉलर पाठविण्यासाठीं त्यानें सुमारें १५,८०० डॉलर मिळवावे लागतात. त्यांतील ३,८०० तिकडच्या सरकारचे आणि सुमारें २,०७० इकडच्या सरकारचे. दोघांपैकीं कोणीही कपट न करितां, शंभरांतील सदतीस वाटेंतच गळून पडले.

अमेरिका व हिंदुस्थान यांच्यामध्येंच हा पेंच आहे असें कोणी समजूं नये. पोटगीचा कर देणाऱ्यावर असावा कीं घेणाऱ्यावर, याविषयीं राष्ट्राराष्ट्रांत एकमत नाहीं. इंग्लंडनें १९८८ सालीं नव्या पोटगीवरील वजावट काढून टाकली आणि घेणाऱ्यावरचा करही सोडून दिला. आज तेथें थोडीशी सवलत उरली आहे ती पतिपत्नींपैकीं कोणी ६ एप्रिल १९३५ पूर्वीं जन्मलेलें असेल तरच. कॅनडानें पत्नीच्या नियमित पोटगीवर देणाऱ्याला वजावट व घेणाऱ्याला कर ही जुनी रीत ठेवली, पण १ मे १९९७ पासूनच्या हुकूमनाम्यांत मुलांच्या पोटगीला ती लागूं नाहीं. जर्मनींत देणाऱ्याला वर्षाला १३,८०५ युरोपर्यंत वजावट मिळूं शकते. अट एवढीच कीं घेणारानें संमति द्यावी आणि कर आपल्यावर घ्यावा. या जर्मन नियमामुळें २००५ सालीं युरोपीय न्यायालयापुढें एक मासलेवाईक प्रकरण आलें. शेम्प नांवाचे गृहस्थ म्युनिकच्या करकचेरीच्या हद्दींतले. त्यांची पूर्वीची पत्नी शेजारच्या ऑस्ट्रियांत राहूं लागली. ऑस्ट्रियांत पोटगीवर कर नाहीं, म्हणून जर्मनीनें शेम्प यांची वजावट नाकारली. गंमत अशी कीं, ती बाई जर्मनींतच राहती, तर तिचें उत्पन्न थोडें असल्यामुळें तिला कर पडला नसता आणि शेम्प यांना वजावट मात्र मिळाली असती. न्यायालयानें जर्मनीचीच बाजू उचलून धरली. दोन देशांच्या कायद्यांतील फरकामुळें होणारें नुकसान हें आमच्या नियमांनीं भरून निघणारें नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. शेजारच्या देशांत बिऱ्हाड हलविल्यानें जर एवढा फरक पडतो, तर सात समुद्रांपलीकडून आलेल्या मुलीची काय कथा?

परंतु आमच्या मनाला खरा चटका लागला तो पुढच्या गोष्टीनें. त्याच तहाच्या त्याच विसाव्या कलमांत पत्नीच्या पोटगीखालीं लागूनच अज्ञान मुलाच्या पोटगीविषयीं निराळा नियम आहे. लेखी करारानें किंवा हुकूमनाम्यानें अज्ञान मुलासाठीं जी नियमित रक्कम एका देशांतून दुसऱ्या देशांत दिली जाते, ती देणाऱ्याच्याच देशांत करपात्र. घेणाऱ्याच्या देशानें तिला हात लावावयाचा नाहीं. आणि अमेरिकेंत मुलांच्या पोटगीवर घेणाऱ्याला कर नाहींच. म्हणजे हजार डॉलरांपैकीं चारशें डॉलर मुलीचे असें करारांत स्पष्ट लिहिलें असतें, तर तेवढ्यापुरता येथील कर टळला असता. वरच्याच हिशेबानें भाचीचें करपात्र उत्पन्न १४,३७,००० झालें असतें आणि कर ९९,३७२ रुपये. वर्षाला ७६,००० रुपयांहून अधिक फरक, आणि तो कोणाची फसवणूक करून नव्हे, केवळ खरी गोष्ट खरी म्हणून लिहून ठेवल्यानें! ती चारशें डॉलरांची मुलगी त्या दिवशीं शेजारच्या खोलींत झोंपली होती. तिचें नांव वेगळ्या ओळींत लिहावें, एवढेंही आम्हां थोरांपैकीं कोणास सुचलें नाहीं. ‘पत्नीच्या व मुलीच्या योगक्षेमासाठीं’ या गोड शब्दांवरच आम्ही संतुष्ट राहिलों.

शेवटीं भाचीच्या संमतीनें आम्हीं तिच्या पूर्वीच्या पतीशीं दूरध्वनीवर बोलण्याचें धाडस केलें. मनांत पुष्कळ कडवट वाक्यें जमवून ठेवलीं होतीं. पण ते शांतपणें म्हणाले, “मामा, मी कर भरूनच पैसे पाठवितों. तिला पुढें कांहीं भरावें लागत असेल, हें मला खरोखरच माहीत नव्हतें. तुम्ही कोणीं त्या वेळीं विचारलेंही नाहीं.” या शेवटच्या वाक्यावर आम्हांस बोलावयास जागा राहिली नाहीं. पुढें दोघांच्या संमतीनें तेथील न्यायालयाकडून हुकूमनामा दुरुस्त करून घेतला आणि मुलीची रक्कम निराळी लिहिली गेली. पत्नीच्या वाट्याची रक्कम एकदम देण्याइतकी त्यांची ऐपत नव्हती. ती महिन्याच्या महिन्यालाच राहिली. मागील वर्षांचा कर, व्याज व इतर भुर्दंड मात्र भाचीनें आपल्या शिलकेंतून भरला. दुरुस्ती पुढच्या काळाची झाली. मागच्या काळाची होत नाहीं.

एकरकमी पोटगी घेतली म्हणजे सर्व प्रश्न सुटतात, असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं. हिंदु विवाह कायद्यानें एकरकमी व नियमित अशा दोन्ही रीती दिल्या आहेत, आणि दोहोंचें बरेंवाईट निरनिराळें आहे. महागाई वाढली, पतीची ऐपत वाढली, तर महिन्याची रक्कम न्यायालयाकडून वाढवून मागतां येते; एकदां घेतलेली रक्कम ही अखेरची. उलट, पतीची नोकरी गेली किंवा त्यानें दुसऱ्या देशांत बिऱ्हाड केलें, तर महिन्याची रक्कम वसूल करतां करतां स्त्रीचें निम्में आयुष्य जातें. एकरकमी पोटगीवर कर नसला, तरी ती बँकेंत ठेवल्यावर येणाऱ्या व्याजावर कर आहेच. शिवाय आधीं महिन्याची पोटगी ठरली, ती थकली, आणि मग सर्व थकबाकी मिळून एक रक्कम दिली, तर ती एकरकमी म्हणावी कीं नाहीं, हे वाद प्राप्तिकराच्या अपीलीय न्यायाधिकरणापर्यंत गेलेले आहेत. म्हणून स्वरूप काय असावें, हें आरंभींच ठरवावें. घर किंवा ठेव पत्नीच्या नांवें करून द्यावयाची असल्यास, ‘वेगळें राहण्याच्या करारासंबंधानें’ दिलेल्या मालमत्तेचें उत्पन्न पतीच्या उत्पन्नांत मिळविलें जात नाहीं, हा आपल्या कायद्यांतील जुना अपवादही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

ज्यांचे अमेरिकेंतील करार २०१८ च्या अखेरीपूर्वींचे आहेत, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना अजून जुनाच नियम लागूं आहे, म्हणजे पतीला वजावट मिळते. पूर्वपत्नी अमेरिकेबाहेर राहत असेल, तर तेथील कायदा एरवीं तिच्या रकमेंतून ३० टक्के कर आधींच कापावयास सांगतो. पण हिंदुस्थानांत राहणाऱ्या स्त्रीला तहाचा आधार घेऊन तो टाळतां येतो, मात्र त्यासाठीं योग्य कागद वेळींच भरून द्यावा लागतो. असा जुना करार दुरुस्त करतांना त्यांत नवा कायदा लागूं करण्याचें स्पष्ट वाक्य शिरलें, तर जुनी वजावट कायमची जाते. आणि दिशा उलटी असली, म्हणजे पती पुण्यांत आणि पूर्वपत्नी अमेरिकेंत असली, तर नव्या करारांत कर एकदांच पडतो, पतीच्याच हातीं. पैसा तोच, नातें तेंच. केवळ विमानाची दिशा बदलली कीं हिशेब बदलतो.

हा लेख म्हणजे वकिलाचा सल्ला नव्हे, आणि प्रत्येक घराची स्थिति वेगळी असते. तरीही ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी परदेशीं आहे, आणि जेथें दुर्दैवानें फारकतीची वेळ आली आहे, त्या घरांतील वडिलांस आम्ही तीन प्रश्न सुचवूं इच्छितों. करारानंतर कोण कोणत्या देशांत राहणार? रक्कम एकदम कीं महिन्याच्या महिन्याला? आणि तींतील मुलाबाळांचा वाटा किती, व तो निराळ्या ओळींत लिहिला आहे काय? हे प्रश्न सहीच्या आधीं विचारावयाचे आहेत, आणि शक्य तर दोन्ही देशांतील जाणत्यांस. ते विचारल्यानें मुलीचें दुःख कमी होणार नाहीं. पण त्या दुःखावर पुढें वर्षानुवर्षें कर भरण्याची पाळी तरी येणार नाहीं.

परवां भाचीच्या घरीं गेलों होतों. तिची मुलगी गणिताचा अभ्यास करीत बसली होती. ती आम्हांस म्हणाली, “आजोबा, हें उदाहरण मला समजत नाहीं, पण बाई विचारूं देत नाहींत.” आम्हीं तिची वही जवळ घेतली आणि म्हटलें, “बाळे, विचार. काय वाटेल तें विचार.” आंत स्वयंपाकघरांत तिच्या आईनें तें ऐकलें असावें, कारण चहाचे पेले घेऊन ती बाहेर आली, तेव्हां तिनें आमच्याकडे एकदां पाहिलें, आणि कांहीं न बोलतां पेला आमच्यापुढें ठेविला.